कबड्डीत गुडघा पिरगळला, एक्स-रे नॉर्मल आलाय, तरी एमआरआय करायचाच का?

शिरोलीकर_कॉर्नर

नमस्कार मंडळी, धाकट्या भावाबद्दल विचारायचंय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय २२, गावच्या मंडळाकडून कॉर्नरला खेळतो. मागच्या रविवारी मॅटवर मॅच होती, समोरचा रेडर बोनस घेऊन परत फिरला तेव्हा ह्यानं अँकल होल्ड घातला आणि मदतीला आलेला आपलाच कव्हर येऊन ह्याच्या गुडघ्यावर पडला. पाय मॅटला धरलेला, अंग फिरलं. 'कट्' असा आवाज आला म्हणतो, शेजारच्या पोरालापण ऐकू आला. उठला, लंगडत बाहेर आला, पण तासा-दोन तासात गुडघा टम्म फुगला. रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला. हाड शाबूत. क्रेप बँडेज, गोळ्या, बर्फ. आता सूज बरीच उतरलीये पण जिना उतरताना गुडघा सटकतो, पायावर भरवसा वाटत नाही म्हणतो. म्हणून कोल्हापुरात हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी गुडघा थोडा वाकवून नडगी पुढं ओढून बघितली, मग चांगल्या पायाची बघितली, आणि एमआरआय लिहून दिला.

आता घरात तीन पक्ष झालेत. वडील म्हणतात एक्स-रे नॉर्मल आहे म्हटल्यावर सहा-सात हजार कशाला घालायचे, हे सगळं कमिशनचं चाललंय. आई म्हणते पलीकडच्या गावात हाडवैद्य आहे, बसवून चोळून घ्या. आणि भाऊसाहेब म्हणतात पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, टेप मारून खेळतो.

तर एक्स-रे नॉर्मल याचा अर्थ नक्की काय धरायचा? एमआरआयच्या ऐवजी सोनोग्राफी चालेल का, निम्म्याहून कमी पैशात होते. आणि सेंटरवाले १.५ टेस्ला, ३ टेस्ला, ओपन असं काय काय सांगतात त्यात फरक काय? रेडिएशनचं पण सांगा. हा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत फेटलिंगला (ओतलेले लोखंडी भाग घासून साफ करायला) आहे, रजा मोजून मिळते, म्हणून उगाच हेलपाटे नकोत.

फिजिओताई

दादा, पहिली गोष्ट, हाडवैद्याकडे नेऊ नका. आईंना वाईट वाटलं तरी चालेल. ताज्या दुखापतीवर तेल लावून जोर लावून चोळलं तर आतलं रक्त आणखी वाढतं, आणि मांडीच्या मुक्या माराला असं रगडलं तर स्नायूत हाडासारखा कडक गोळा तयार होऊ शकतो, अशी पोरं माझ्याकडे येतात.

एक्स-रे नॉर्मल म्हणजे हाड मोडलेलं दिसत नाही, एवढंच. लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा), गादी (दोन हाडांमधली, म्हणजे मेनिस्कस), कूर्चा यातलं काहीच एक्स-रेत दिसत नाही. तुम्ही जे वर्णन केलंय, पाय रोवलेला, अंग फिरलं, कट् आवाज, दोन तासात सूज आणि आता जिना उतरताना सटकणं, ते वाचूनच कुणाच्याही मनात एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधलं नडगीला पुढं सरकू न देणारं लिगामेंट, येईल. सूज किती वेळात आली हे फार महत्त्वाचं आहे बरं का, लगेच आली तर बहुतेक वेळा आत रक्त साठलेलं असतं, गादी एकटीच फाटली असेल तर सूज सावकाश, दुसऱ्या दिवशी वगैरे येते. नियम म्हणून नाही, पण डॉक्टरांना ही वेळ नक्की सांगा.

आणि डॉक्टरांनी पाय पुढं ओढून बघितला ना, त्याला लॅकमन टेस्ट म्हणतात, चांगल्या पायाशी तुलना करायची आणि शेवटी ओढ लागून थांबतं का नुसतंच पुढं येतं ते हाताला कळतं. म्हणजे त्यांनी आधी तपासलं आणि मग एमआरआय लिहिला. वडिलांना हे सांगा. न तपासता दारातूनच एमआरआयची चिठ्ठी देणारे वेगळे.

टेप मारून खेळायचं तर नावच नको. टेपनं त्वचा धरली जाते, एसीएल नाही. सटकणाऱ्या गुडघ्यावर खेळला तर आज जी गादी धड आहे ती पण जाईल.

सांगलीचा_काका

आमच्या वेळी कुठला एमआरआय अन् कुठलं काय, लाल मातीत खेळलो, गुडघे सुजले, रुईची पानं गरम करून बांधली, पंधरा दिवसांनी परत मैदानात. आता जरा काय झालं की मशीनमध्ये घाला. माझं तर मत वडिलांच्या बाजूनं आहे. महिनाभर थांबा, आपोआप कळतंय.

जुना_कव्हर

काका लय आदर हाय तुमचा, पण तुमच्या वेळच्या किती जणांचा गुडघा आज धड हाय ते पण सांगा की. आमच्या मंडळात तीन जण हायेत, चाळिशीतच मांडी घालून बसता येत नाही, पंगतीला खुर्ची लागतीया. त्यांचंपण तवा आपोआप बरं झालतं. दुसरी गोष्ट माती वेगळी अन् मॅट वेगळी, मातीत पाय सरकतो, मॅटवर बूट घालून पाय जागचा हलत नाही अन् गुडघा वरनं फिरतो.

पोराला म्हणावं एक स्पर्धा गेली तर गेली. विनेश फोगाटचं बघ म्हणावं, २०१६ ला रिओत गुडघा गेला, स्ट्रेचरवरनं बाहेर आली. ऑगस्ट २०२३ मध्ये परत एसीएल, मुंबईत ऑपरेशन, आणि पुढच्या वर्षी पॅरिसला फायनल गाठली. तिथं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीतच हाय, पण गुडघ्यानं दगा दिला नाही.

चुंबकवाला

मी एमआरआय टेक्निशियन आहे, सातारा साईडला. मशीनचं मी सांगतो, बाकी डॉक्टर मंडळी सांगतील.

आधी सगळ्यात महत्त्वाचं, जे इथं कुणाच्या नजरेत आलं नाही. भाऊ फेटलिंगला आहे म्हणालात. म्हणजे रोज ग्राइंडर आणि लोखंडाच्या ठिणग्या. त्याच्या डोळ्यात कधी कण गेला होता का? डॉक्टरनी काढला होता का, का नुसतं पाणी मारून सोडून दिलं? हे सेंटरला फॉर्म भरताना सांगायचंच. लोखंडाचा बारीक कण डोळ्यात राहिलेला असेल तर एवढ्या मोठ्या चुंबकाजवळ तो हलू शकतो आणि नजरेला धोका असतो. शंका असली तर आम्ही आधी डोळ्याचा साधा एक्स-रे काढतो, पाच मिनिटाचं काम, स्वच्छ आला की आत घेतो. एमआयडीसीतली पोरं फॉर्मवर डोळे झाकून सगळीकडे 'नाही' वर टिक करतात, म्हणून एवढं लिहिलं.

रेडिएशन एमआरआयमध्ये नसतंच, चुंबक आणि रेडिओ लहरी. रेडिएशन एक्स-रे आणि सीटीला. त्यातही गुडघ्याच्या एक्स-रेचं अगदी किरकोळ.

टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद. गुडघ्यासाठी १.५ टेस्ला पुरेसं आहे, फक्त गुडघ्याभोवती बसणारी वेगळी कॉइल (सिग्नल पकडणारा भाग) आहे का ते विचारा, कॉइल नीट नसेल तर ३ टेस्लाचे जादा पैसे देऊन पण उपयोग नाही. ३ टेस्लावर कूर्चा आणि बारीक गोष्टी आणखी स्वच्छ दिसतात, हे खरं, पण एसीएल तुटलंय का हे १.५ वर व्यवस्थित कळतं. ओपन मशीन बहुतेक कमी ताकदीचं असतं, जाडजूड किंवा फार घाबरणाऱ्या पेशंटला ठीक. तुमच्या भावाला त्याची गरज नाही, कारण गुडघ्याला पाय आधी आत जातात, डोकं बहुतेक बाहेरच किंवा तोंडाशी राहतं. उपाशी यायला नको, साध्या गुडघ्याच्या तपासणीला इंजेक्शन पण लागत नाही. अर्धा तास धरा. आवाज फार होतो, कानात बोळे देतात. आणि हलायचं नाही, हलला तर फोटो पुसट येतो आणि तोच सीन परत घ्यावा लागतो.

कडं, करदोडा, ताईत, पायातला काळा दोरा, सगळं घरीच काढून या. खेळाडू लोकांना अजून एक, त्या स्पोर्ट्सच्या टाइट पँटी असतात ना वास न येणाऱ्या, त्यातल्या काहींच्या कापडात धातूचे धागे असतात आणि मशीनमध्ये ते तापून भाजल्याच्या घटना घडलेल्या आहेत. सेंटरचा गाऊन घालायला लाजू नका.

जुना एक्स-रे बरोबर आणा. आणि चिठ्ठीवर नुसतं 'नी पेन' लिहिलेलं असेल तर काउंटरवर तोंडी सांगा की कबड्डीत पिरगळला, कधी, सटकतो. रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरला ते कळलं की तो नेमकं तिथं बघतो.

पेसरचा_बाप

थोडं विषयाच्या बाजूचं आहे पण 'एक्स-रे नॉर्मल' वाल्यांसाठी लिहितो. माझा मुलगा पुण्यात अकॅडमीत फास्ट बॉलिंग करतो, उजव्या हातानं. कमरेत डाव्या बाजूला दुखायचं, बॉलिंग करताना मागं वाकलं की जास्त. एक्स-रे क्लीन. स्नायू धरलाय म्हणून गोळ्या आणि शेक सुरू होतं, बरं वाटलं की परत बॉलिंग, परत दुखणं. शेवटी एका स्पोर्ट्सच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या हाताच्या पेसरला डाव्या बाजूला दुखतंय म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणानं हाडाला पडणारी चीर) नाही हे सिद्ध होईपर्यंत तेच समजायचं. एमआरआयमध्ये मणक्याच्या मागच्या हाडात सूज पांढरी चमकत होती, चीर अजून पूर्ण पडलेली नव्हती. चीर पडायच्या आधीची पायरी. ती एक्स-रेत दिसायचीच नाही.

त्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर मुद्दाम लिहिलं होतं की फास्ट बॉलर आहे, हाडाची सूज दिसेल असे सिक्वेन्स (एमआरआयचे फोटो घ्यायचे प्रकार) घ्या, कारण कमरेचा नेहमीचा एमआरआय मणक्यातली गादी सरकलीय का ते बघायला घेतलेला असतो आणि त्यात ही गोष्ट निसटू शकते. बुमराचा २०२२ चा टी-ट्वेंटी वर्ल्डकप याच भानगडीत गेला आणि मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला जाऊन ऑपरेशन करावं लागलं. माझ्या पोराचं लवकर कळलं म्हणून विश्रांतीवर भागलं, एक सीझन गेला, जाऊ दे.

पळणाऱ्या पोरांच्या नडगीचंपण तसंच. भरतीची तयारी करणारी पोरं एकदम अंतर वाढवतात, नडगी दुखते, एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे साफ येतो आणि पोरगं पळतच राहतं.

ऑर्थो_रात्रपाळी

अस्थिरोग विभागात काम करतो, नाव-गाव नको. ऑनलाइन निदान करत नाही, पण प्रश्न चांगले आहेत म्हणून लिहितो.

सोनोग्राफी: एसीएलसाठी नाही. ते लिगामेंट सांध्याच्या मधोमध, दोन हाडांच्या आत असतं आणि सोनोग्राफीच्या लहरी हाडातून पलीकडे जात नाहीत. वरवरच्या गोष्टींना मात्र सोनोग्राफी झकास आहे, हॅमस्ट्रिंग, टाचेची शीर, वाटीच्या खालचा टेंडन, खांद्याचे स्नायू. शिवाय हलवत हलवत बघता येतं, एमआरआयमध्ये पेशंट पडून असतो. पण बघणाऱ्याचा हात त्यात बसलेला पाहिजे, पोटाची सोनोग्राफी रोज करणारा प्रत्येक जण खांदा चांगला बघेल असं नाही. परदेशात मैदानाच्या कडेला छोटं सोनोग्राफी मशीन दिसतं, आपल्याकडे १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदीच्या) कायद्यानं प्रत्येक मशीनची नोंदणी आणि जागा ठरलेली असते, त्यामुळे उचलून मैदानावर नेणं सोपं नाही. कारण आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

एक्स-रेचे पैसे फुकट गेले असं वडिलांना वाटू देऊ नका. एवढ्या सुजेच्या गुडघ्याला तो काढायलाच हवा होता. नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूनं तांदळाएवढा तुकडा निघालेला दिसला तर तिथंच एसीएलची खात्री जवळपास पटते, त्याला सेगाँड फ्रॅक्चर म्हणतात, आणि घाईत तो नजरेतून सुटतो. तो एक्स-रे घेऊन या असं चुंबकवाल्यांनी सांगितलंय ते त्यासाठीपण बरोबर आहे. सीटी लागते ती हाडाचा पृष्ठभाग दबलाय, किती तुकडे झालेत हे बघायला, तुमच्या केसमध्ये आत्ता नाही.

वडिलांच्या कमिशनच्या बोलण्यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पन्नाशीच्या माणसाचा गुडघा दुखला की सरळ एमआरआय, हे होतं, आणि नको तेवढं होतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांचे गुडघे एमआरआयनं बघितले होते, २००८ मध्ये छापून आलं, ५० ते ९० वयाचे लोक. ज्यांची गादी फाटलेली दिसली त्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याला काही दुखलेलंच नव्हतं. म्हणजे उतारवयात गादी फाटलेली दिसली म्हणून दुखणं तिचंच असं नाही. पण २२ वर्षांचा खेळाडू, ताजी दुखापत, सटकणारा गुडघा, आणि हातानं तपासून आलेला संशय, इथं एमआरआय लिहिणं म्हणजे कमिशन नव्हे. एसीएल हातानं कळतं बऱ्याचदा, पण सोबत गादी फाटलीय का, कशी फाटलीय, शिवता येईल का, हे हातानं कळत नाही आणि घाई आहे का नाही हे त्यावर ठरतं.

घाई कुठं करायची तेवढं लक्षात ठेवा. गुडघा वाकलेल्या अवस्थेत अडकला आणि सरळच होईना, किंवा पाऊल गार पडलं, बधिर झालं, तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, थेट मोठं हॉस्पिटल.

शिरोलीकर_कॉर्नर

सगळ्यांचे आभार. चुंबकवाले दादा, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. दोन वर्षांपूर्वी ह्याच्या डोळ्यात कण गेला होता आणि कंपनीतल्याच एकानं काडीला कापूस लावून काढला होता, घरी कुणाला सांगितलं नव्हतं. सेंटरला सांगितल्यावर त्यांनी आधी डोळ्याचा एक्स-रे काढला, स्वच्छ होता, मग आत घेतलं.

रिपोर्ट आला. मराठीत उतरवतो: एसीएल पूर्ण फाटलेलं. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाला बाहेरच्या बाजूला बोन कंट्यूजन. आतल्या बाजूच्या मेनिस्कसच्या मागच्या भागात ग्रेड २ सिग्नल. सांध्यात मध्यम पाणी. बाकी लिगामेंट ठीक. डॉक्टरांची वेळ परवाची आहे. वडील 'गादी पण गेली, हाड पण गेलं' म्हणून बसलेत, आईनं देव पाण्यात घातलेत. ग्रेड २ म्हणजे किती वाईट? आणि बरं झाल्यावर परत एमआरआय करून कळेल का की खेळायला फिट आहे?

ऑर्थो_रात्रपाळी

देव पाण्यातून काढा. मेनिस्कसचा ग्रेड १ आणि २ म्हणजे गादीच्या आत थोडी वेगळी छटा दिसली, ती पृष्ठभागापर्यंत पोचलेली नाही, त्याला फाटणं म्हणत नाहीत. पृष्ठभागापर्यंत पोचते ती ग्रेड ३. आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये ग्रेड २ इतकं सर्रास असतं की ओपीडीत रोज कुणीतरी घाबरून येतं. एकच सांगतो, एसीएल फाटलेलं असताना बाहेरच्या गादीच्या मागच्या टोकाची फाट एमआरआयमध्ये कधी कधी हुकते, म्हणून ऑपरेशन झालंच तर दुर्बिणीतून ती जागा सर्जन बघतातच.

बोन कंट्यूजन म्हणजे हाडाला आतून लागलेला मुका मार, मोड नाही. एसीएल तुटलं तेव्हा नडगी क्षणभर पुढं सरकली आणि दोन हाडं बाहेरच्या बाजूला एकमेकांवर आपटली, त्याचा तो ठसा. आपोआप जातो, काही महिने लागतात.

ऑपरेशन करायचं का हे तुमचे डॉक्टर आणि भाऊ ठरवतील. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर एक अभ्यास झाला होता, २०१० मध्ये छापून आला, काहींचं लवकर ऑपरेशन आणि काहींना आधी व्यायाम, गरज पडली तरच ऑपरेशन. दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्या लोकांना पाच वर्षांतही ऑपरेशन लागलं नाही. पण त्यात वरच्या दर्जाचे व्यावसायिक खेळाडू नव्हते, आणि कबड्डीत तर दर रेडला पाय रोवून वळायचं असतं, त्यामुळे ज्याला पुन्हा कॉर्नरलाच खेळायचंय त्याला बहुतेक जण ऑपरेशन सुचवतील. ते पण उद्याच्या उद्या नाही, सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ व्हायला लागल्यावर.

फिजिओताई

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. नाही, फिटनेस एमआरआयवर ठरत नाही. नवीन बसवलेलं लिगामेंट मुरायला कितीतरी महिने लागतात आणि त्या काळात ते फोटोत वेगळंच दिसतं, फोटो छान म्हणून खेळ किंवा फोटो खराब म्हणून घरी बस असं करता येत नाही. आम्ही मांडीची ताकद दुसऱ्या पायाशी ताडून बघतो, एका पायावर उड्या मारायला लावतो, निदान ९० टक्क्यांच्या वर बरोबरी पाहिजे, वळणं, थांबणं, मग सरावात साधी पकड, मग मॅच. नऊ महिन्यांच्या आत उतरणाऱ्यांत परत फाटायचं प्रमाण जास्त असतं, पोराला हे आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर सहाव्या महिन्यात गुपचूप मॅटवर दिसेल.

ऑपरेशन ठरो न ठरो, आजपासून टाचेखाली उशी घेऊन गुडघा सरळ करायचा आणि मांडी आवळायची, दिवसातून चार-पाच वेळा. फेटलिंगचं उभ्यानं काम सध्या बंद, बसून असेल ते बघा, कंपनीला डॉक्टरांचं पत्र द्या.

चुंबकवाला

आणि सेंटरवरून सीडी मागून घ्या, नुसत्या फिल्म घेऊन जाऊ नका. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळे कट असतात आणि सर्जनला पुढं-मागं करून बघता येतं. सीडी देत नसतील तर लिंक देतात मोबाईलवर, ती काही दिवसांनी बंद होते, आधीच उतरवून ठेवा. डोळ्याच्या एक्स-रेची फिल्मपण जपून ठेवा. मात्र त्यानंतर परत कण गेला असेल तर ती जुनी फिल्म चालणार नाही, नवीन काढावी लागेल. फेटलिंगला गॉगल घालायला सांगा त्याला.